'हुशार' थर्मोस्टॅट : हुशारी नेमकी कोणाची?

थंड हवेच्या देशांत घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेच्या नियंत्रकाला अलीकडे 'स्मार्ट', म्हणजे हुशार, हे विशेषण लागले आहे. भिंतीवरची छोटीशी तबकडी घरातील माणसांच्या सवयी शिकते, घरात कोणी नसेल तर तापन कमी करते, मोबाइलवरून आज्ञा घेते आणि त्यामुळे इंधनाची बचत होते, असे सांगितले जाते. अशा वर्णनांत कौतुक भरपूर असते, तपासणी मात्र थोडी. ती तपासणी करावी, हा या लेखाचा हेतू आहे. आपल्या वर्गात थर्मोस्टॅट येतो तो इस्त्रीतील द्विधातू पट्टीच्या निमित्ताने. म्हणून विषय दूरदेशीचा वाटला, तरी त्यातील विज्ञान आपल्या ओळखीचे आहे.

या उपकरणाच्या इतिहासात एका शिक्षकाचे नाव आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. वर्ग गार आहे की गरम, हे पाहण्यासाठी शिपाई वर्गात येई आणि मग तळघरात जाऊन भट्टीकडून येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण बदली. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी खोलीतील तापमानाची सूचना विजेच्या साहाय्याने तळघरात पोहोचवणारे उपकरण तयार केले. १८८३ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. या उपकरणात मापन खोलीत होत होते आणि कृती तळघरातला माणूस करीत होता. मोजणे आणि कृती करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुढे आपल्याला उपयोगी पडेल.

साध्या थर्मोस्टॅटचे काम असे चालते. ठरवलेल्या तापमानापेक्षा खोली थोडी गार झाली की भट्टी सुरू होते आणि थोडी गरम झाली की बंद होते. परिणाम मोजून त्यानुसार कारणात बदल करण्याच्या या क्रियेला प्रत्याभरण म्हणतात. यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. भट्टी एक तर सुरू असते किंवा बंद असते. काटा २० अंशांवर ठेवला काय किंवा ३० अंशांवर ठेवला काय, खोली तापण्याचा वेग तोच राहतो. काटा फक्त कोठे थांबायचे ते सांगतो.

पण माणसे असा विचार करतात का? विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेतील मिशिगन राज्यातील लोकांशी बोलून १९८६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना लोकांच्या मनात दोन कल्पना आढळल्या. काहींच्या मते थर्मोस्टॅट हा तापमान राखणारा स्विच होता, तर काहींच्या मते तो गॅसच्या शेगडीच्या बटणासारखा होता, म्हणजे जास्त फिरवला की उष्णता जास्त. दुसरी कल्पना चुकीची असली तरी रोजच्या अनुभवातून आलेली आहे, कारण शेगडी, नळ आणि पंख्याचा रेग्युलेटर खरोखरच तसे चालतात.

ही चूक आपल्याकडेही दिसते. बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस वातानुकूलन यंत्र १६ अंशांवर लावतो आणि खोली लवकर गार होईल अशी अपेक्षा करतो. ज्या साध्या यंत्राचा काँप्रेसर एकाच गतीने चालतो, त्यात तसे होत नाही. खोली फक्त नको तितकी गार होते. आपल्या देशात १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर असावीत असा नियम झाला. तो चांगलाच आहे. पण काटा म्हणजे काय, हे समजलेल्या माणसाला अशा नियमाची गरज कमी पडते.

आता बचतीच्या दाव्याकडे वळू. घरातून बाहेर जाणारी उष्णता ढोबळपणे दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, आतील व बाहेरील तापमानांतील फरक. दोन, भिंती, छप्पर, खिडक्या व फटी यांतून उष्णता किती सहज निसटते, ते प्रमाण. या दोहोंचा गुणाकार म्हणजे दर तासाला होणारा उष्णतेचा ऱ्हास. बाहेर ० अंश आणि आत २० अंश असताना दिवसभराचा ऱ्हास २० गुणिले २४, म्हणजे ४८० एकके धरू. रात्री ८ तास आतील तापमान सरासरी १७ अंश राहू दिले, तर २० गुणिले १६ म्हणजे ३२० आणि १७ गुणिले ८ म्हणजे १३६, मिळून ४५६ एकके होतात. बचत ५ टक्के. सकाळी घर पुन्हा तापवताना वाचलेले सगळे इंधन खर्ची पडते, ही समजूत यावरून चुकीची ठरते. (उष्मापंप असलेल्या घरात मात्र सकाळी जोडीला विजेचा हीटर लागला, तर ही बचत नाहीशी होऊ शकते.)

पण ही बचत साध्या थर्मोस्टॅटचा काटा हाताने फिरवूनही मिळते. अमेरिकेचे ऊर्जा खाते म्हणते, की दिवसातून ८ तास काटा ४ ते ५.५ अंश सेल्सिअस खाली ठेवल्यास वर्षाला १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. त्यासाठी हुशार यंत्र हवेच, अशी अट नाही. नेस्ट कंपनीने २०११ साली आपला 'शिकणारा' थर्मोस्टॅट बाजारात आणला. तापनात सुमारे १० ते १२ टक्के बचत होते, असे तिने २०१५ साली जाहीर केले. अमेरिकेच्या शासकीय 'एनर्जी स्टार' योजनेने तापन व शीतन मिळून सरासरी सुमारे ८ टक्के हा आकडा दिला आहे. येथे शिक्षकाने विचारावा असा प्रश्न आहे : बचत, पण कोणाच्या तुलनेत? 'एनर्जी स्टार'च्या गणितात तुलना होते ती त्याच घरातील सुखकर तापमान चोवीस तास कायम ठेवले असते तर काय झाले असते, या कल्पित स्थितीशी. जी गृहिणी झोपण्यापूर्वी रोज आठवणीने काटा खाली करते, तिची बचत आधीच झालेली असते. तिच्या वाट्याला ८ टक्के कोठून येणार?

या शंकेला अनुभवाचा आधार आहे. वेळापत्रक लावता येणाऱ्या जुन्या थर्मोस्टॅटना दिलेले मानचिन्ह 'एनर्जी स्टार'ने २००९ सालच्या अखेरीस बंद केले, कारण अपेक्षित बचत प्रत्यक्ष घरांत होत असल्याचे दिसत नव्हते. २०२२ साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील घरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. हुशार थर्मोस्टॅट बसवलेल्या घरांत ऊर्जेच्या वापरात लक्षणीय घट आढळली नाही, कारण माणसे यंत्राचे वेळापत्रक वारंवार मोडून आपल्या मनाप्रमाणे तापमान बदलत होती. यंत्र शिकले, माणसे मात्र होती तशीच राहिली.

खोल्यांत ठेवायच्या तापमान-संवेदकांचीही हीच तपासणी करू. एकच थर्मोस्टॅट दिवाणखान्यात असेल, तर त्याला निजायच्या खोलीतला गारठा कळत नाही. त्यावर ऊन पडले किंवा तो उष्णतेच्या झोतात आला, तर घर गरम आहे असे समजून तो भट्टी बंद करील. म्हणून २०१४ सालापासून इकोबी या कॅनडातील कंपनीने थर्मोस्टॅटसोबत दूर ठेवायचे संवेदक दिले. कल्पना योग्य आहे. पण जॉन्सन यांच्या शाळेची आठवण ठेवू : संवेदक मोजतो, उष्णता वाटत नाही. एका भट्टीतून सर्व खोल्यांना एकत्रच गरम हवा जात असेल, तर निजायच्या खोलीतील संवेदक ती खोली उबदार करील खरा, पण दिवाणखाना तापवून. खोलीगणिक नियंत्रण हवे असेल, तर खोलीगणिक झडप हवी. युरोपात गरम पाण्याच्या रेडिएटरवर बसवलेली थर्मोस्टॅटिक झडप हेच काम विजेशिवाय, आतील पदार्थाच्या प्रसरणावर करते.

शिवाय संवेदक मोजतो ते मुख्यतः हवेचे तापमान. डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांनी १९७० साली दाखवून दिले, की माणसाचे सुख सहा घटकांवर ठरते : हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे प्रारण, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शारीरिक हालचाल. गार काचेच्या खिडकीशेजारी बसलेल्या माणसाला २१ अंशांच्या हवेतही थंडी वाजते. मग तो काटा आणखी वर नेतो. दोष खिडकीचा, दंड मात्र इंधनाला!

आयुष्याचाही प्रश्न आहे. द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट कित्येक दशके भिंतीवर काम करीत राहतो. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या यंत्रांचा कंपनीच्या सेवेशी असलेला संबंध २५ ऑक्टोबर २०२५ रोजी तोडण्यात आला. ती भिंतीवर हाताने चालतात, पण ज्या दूरनियंत्रणासाठी घेतली ते गेले. जानेवारी २०१६ मध्ये तर आज्ञावलीतील दोषाने अनेक यंत्रांच्या बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन हिवाळ्यात घरे गारठली. जागतिक आरोग्य संघटना थंड ऋतूत घरात किमान १८ अंश तापमान सुचवते. वृद्ध आणि आजारी माणसांच्या घरात ही केवळ गैरसोय राहत नाही.

ही उपकरणे निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. विसराळू घरात, अनियमित वेळी ये-जा करणाऱ्या कुटुंबात किंवा दूर राहणाऱ्या आई-वडिलांच्या खोलीचे तापमान कळण्यासाठी त्यांचा खरा उपयोग आहे. आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. गुणाकारातील तापमानाचा फरक थोडासा घटवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. उष्णता निसटण्याचे प्रमाण छपरावरील उष्णतारोधक थर, बुजवलेल्या फटी आणि दुहेरी काच कमी करतात. ते निम्मे झाले, तर ऱ्हासही निम्मा होतो. पण छपरातील थर दिसत नाही आणि तबकडी चमकते, म्हणून बोलबाला तबकडीचा होतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दोन सारख्या पातेल्यांत सारखेच गरम पाणी घ्यावे, एक घोंगडीत गुंडाळावे आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढावा. पाणी गरम असताना ते जास्त वेगाने निवते, हेही त्यात दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारावे : संध्याकाळी पाणी गरम हवे असेल, तर ते दिवसभर आचेवर ठेवावे, की निवू देऊन संध्याकाळी तापवावे? आणि घोंगडी असेल तर? जो विद्यार्थी आलेखावर बोट ठेवून याचे उत्तर देईल, त्याला उद्या कोणत्याही 'हुशार' यंत्राची जाहिरात फसवू शकणार नाही.