पंचांग आणि जाहीरनामा

मराठी कादंबरीत पाऊस भरपूर पडला आहे आणि निवडणुकाही पुष्कळ झाल्या आहेत. पण पावसाचा विचार मनात धरून कोणी मत द्यायला निघाला आहे, असे दृश्य आपल्या कादंबरीत क्वचितच सापडते. पाऊस एका कपाटात आणि राजकारण दुसऱ्या कपाटात, अशी वाङ्मयाची मांडणी आपण करून ठेवली आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायच्या अंकात ही तक्रार कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या घरात हा अंक वाचला जातो, त्याच घरात कांद्याच्या भावाची चर्चा होते आणि मत कोणाला द्यायचे याचीही होते. तेव्हा ही दोन कपाटे एकदा शेजारी शेजारी उघडून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले कपाट पावसाचे. र. वा. दिघे यांच्या १९३९ सालच्या ‘पाणकळा’ या कादंबरीच्या नावातच पावसाळा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. मेंढक्यांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर तीत आहे, आणि शेवटी दुष्काळ येऊन ती वाडीच उठून जाते. माझा पेशा मास्तरकीचा असल्यामुळे हा शेवट मला इतरांपेक्षा जास्त झोंबतो. गाव उठून गेल्यावर शाळेच्या चार भिंतींना अर्थ तो काय उरतो? दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. एकेका महिन्याचे रंग, गंध, पानेफुले त्यांनी अशी टिपली आहेत, की मराठी वाचकाला आपलेच वर्ष नव्याने दिसू लागले.

दुसरे कपाट राजकारणाचे. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ साली निघाली, आणि १९७९ साली जब्बार पटेलांनी तिच्यावरून काढलेला चित्रपट अजूनही लोक पाहतात. सत्ता कशी मिळते, कशी हलते, कोण कोणाला विकतो, हे साधूंनी मराठी वाचकाला निर्भीडपणे सांगितले. पण तिच्या केंद्रस्थानी खुर्ची आहे, आभाळ नव्हे. गंमत अशी की ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाईच १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या. ऋतू पाहणारी नजर आणि सत्तेला जाब विचारणारी जीभ एकाच व्यक्तीच्या ठायी होती. तरी त्या दोहोंची पाने निराळीच राहिली.

यात या लेखकांचा दोष नाही. त्यांनी लिहिले तेव्हा आभाळ हे कोणाचेच कर्तृत्व नव्हते. ते दैव होते. बनगरवाडीतला मेंढका पावसाबद्दल कोणाला जाब विचारणार? दैवाला मत देता येत नाही आणि दैवाला पाडताही येत नाही. पण मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली आहे. कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवेत जो वायू सोडला, त्याने पृथ्वीची उष्णता वाढली; आणि हवा एका अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, असे शास्त्र सांगते. म्हणून उघडीप लांबते आणि पडतो तेव्हा कोसळतो. अमुक एक गारपीट केवळ यामुळेच झाली, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एकूण पावसाचे वळण बदलण्यात माणसाचा हात आहे, याविषयी शंका उरलेली नाही. म्हणजे जे निव्वळ दैव होते, त्यातला काही भाग आता कर्म झाला आहे. आणि जे कर्म आहे, त्याचा जाब विचारता येतो. माझ्या मते आजच्या कादंबरीपुढचा आणि आजच्या मतदारापुढचा हा एकच प्रश्न आहे.

मतदार म्हणताना मला एक विशिष्ट माणूस दिसतो. तो जुन्या वळणाचा आहे. भिंतीवरचे पंचांग पाहिल्याशिवाय त्याचे पान हलत नाही. मुलीचे लग्न असो की पेरणी, मुहूर्त आणि नक्षत्र त्याला लागते. देवळालीच्या आसपास, सावरकरांच्या भगूरपासून गोदाकाठच्या पंचवटीपर्यंत, अशी माणसे घरोघरी आहेत. ती धर्माभिमानी आहेत, पक्षाला सहसा सोडत नाहीत, आणि ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकला, की हे कोणी तरी शहरी, विरोधी गटाचे खूळ असावे असे त्यांना वाटते. आपल्या वाङ्मयाने या माणसाला दोनच पोशाख दिले: एक बुवाबाजीला बळी पडणाऱ्याचा, दुसरा निमूट सोसणाऱ्याचा. विचार करणारा, तोलून पाहणारा, आपल्याच पक्षाच्या माणसाला अडचणीचा प्रश्न विचारणारा सनातनी मराठी कादंबरीत मला फारसा भेटलेला नाही.

आणि असा माणूस जगात असतो. अमेरिकेतले बॉब इंग्लिस यांचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. हे साउथ कॅरोलायना राज्यातून निवडून गेलेले रिपब्लिकन पक्षाचे खासदार. श्रद्धाळू ख्रिस्ती, विचाराने पक्के परंपरावादी. हवामानाचा प्रश्न त्यांनी आधी झटकून टाकला होता. मतदानाच्या वयाला आलेल्या मुलाने टोकले, अंटार्क्टिकातल्या बर्फात जुन्या हवेचा पुरावा स्वतः पाहिला, आणि त्यांचे मत बदलले. २००९ साली त्यांनी लोकसभेसारख्या तिथल्या सभागृहात विधेयक मांडले: धुरावर कर लावा आणि तेवढाच कर कष्टाच्या कमाईवरून उतरवा. यात क्रांतीची भाषा नाही. घाण करील त्याने भरावे, हा तर आपल्या आजीचाही नियम आहे.

तिकडे पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. त्या पक्षाकडे कल असलेले मतदारच आधी आपसात मतदान करून ते ठरवतात. जून २०१० मध्ये त्या प्राथमिक निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत ट्रे गाउडी यांना सुमारे ७१ टक्के मते मिळाली आणि विद्यमान खासदार इंग्लिस यांना २९. बँकांना वाचविण्यासाठी दिलेले मत, इराकमध्ये जादा सैन्य पाठविण्यास केलेला विरोध, असे त्यांचे इतरही ‘गुन्हे’ होते. पण हवामानाबद्दलचे बोल मतदारांना सर्वांत जास्त लागले, असे खुद्द त्यांनीच पुढे सांगितले आहे. कादंबरीकाराच्या दृष्टीने मला त्या ७१ टक्क्यांपेक्षा ते २९ टक्के अधिक मोलाचे वाटतात. हेही त्याच चर्चमध्ये जाणारे, त्याच पक्षाचे लोक. त्यांनी त्या दिवशी घरून निघताना काय तोलले असेल? एक मोठी कादंबरी तिथे बसली आहे.

आपल्याकडे ही सोय नाही. आपली उमेदवारी वरून उतरते, आणि मतदाराला एकाच मतात दहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. मग हवामान त्या मतात शिरते तेही वेषांतर करून. २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडकडे द्राक्षबागा झोपल्या. कांदा महागण्याच्या धास्तीने सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद केली, ती मेच्या आरंभी उठवली. आणि २० मे २०२४ रोजी आपल्याकडे लोकसभेचे मतदान झाले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या आणि भास्कर भगरे या शाळामास्तरांना लोकांनी निवडून दिले. सर्वांनी लिहिले की हे कांद्याने केले. खरेच आहे. पण कांद्याच्या मागे निर्यातबंदी होती, आणि निर्यातबंदीच्या मागे बिघडलेले पाऊसमान होते. त्या तिसऱ्या पायरीपर्यंत एकही भाषण गेलेले माझ्या कानी आले नाही.

तपोवनात मात्र प्रश्न उघडाच समोर आला. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथली सुमारे १,८०० झाडे तोडण्याचा किंवा हलविण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि नाशिकभर गलबला उडाला. अभिनेते सयाजी शिंदे झाडांसाठी येऊन उभे राहिले. डिसेंबरात हरित लवादाने तोडीला अंतरिम मनाई केली. आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महानगरपालिकेची निवडणूक झाली. आम्हां देवळाली कॅम्पच्या लोकांना त्या निवडणुकीत मत नव्हते. आमचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, आणि त्या बोर्डाची एप्रिल २०२३ मध्ये व्हायची निवडणूकही आयत्या वेळी रद्द झालेली. म्हणून काठावर बसून हे सगळे पाहण्याची फुरसत आम्हांला मिळाली.

पाहण्यासारखे होते ते हे, की वाद श्रद्धाळू आणि अश्रद्ध यांच्यात नव्हताच. कुंभमेळा ही परंपरा, आणि तपोवन हीसुद्धा परंपराच. ज्या गावाच्या पवित्र भागाचे नावच पाच वडांवरून पडले, तिथे झाड हे बाहेरून आलेले खूळ कसे म्हणावे? जुन्या वळणाच्या मतदाराला इथे धर्म आणि अधर्म यांत निवड करायची नव्हती. धर्मातल्याच दोन कर्तव्यांत करायची होती. महाभारत ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना या पेचाची ओळख असायला हवी. निकालात भारतीय जनता पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. यावरून नाशिककरांनी झाडे नाकारली असे जो म्हणेल, त्याला मतपेटी वाचता येत नाही असे मी म्हणेन. रस्ते, पाणी, पक्षनिष्ठा, ओळखपाळख हे सारे त्या एका मतात होते. पण झाडांसाठी हळहळणारा आणि तरीही नेहमीचेच बटण दाबून आलेला जो गृहस्थ, त्याच्या मनात त्या संध्याकाळी काय चालले होते, हे आकडे सांगणार नाहीत. ते काम कादंबरीचे.

आता थोडी टीका उमेदवारांच्या भाषेवर. जाहीरनाम्यातले ते परिच्छेद मी एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तसे वाचतो. ‘हवामान बदलाच्या पार्श्वभूमीवर शाश्वत विकासाच्या दृष्टीने उपाययोजना’ या वाक्यात कर्ता नाही, क्रियापद नाही, आणि ऊन-पाऊस तर नाहीच. वृक्षारोपणाच्या समारंभात तुकोबांचा तो एकच अभंग म्हटला, की परंपरेची भरती झाली असे वक्त्यांना वाटते. वास्तविक आपल्याजवळ पावसाची केवढी समृद्ध भाषा आहे! २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. नोंदी ठेवू लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. ‘पाऊस मृगाची वाट न पाहता रोहिणीतच उतरला’, असे म्हटले तर कोणत्याही खेड्यातली म्हातारी चमकून वर पाहील. वायव्य राजस्थानातून पाऊस परतायला लागण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. हस्ताच्या पावसाबरोबर हादगा खेळणाऱ्या मुलींच्या घरात ही बातमी त्यांच्या शब्दांत कोणी नेली?

इथे एक सावधगिरी हवी. पंचांगाचे गोडवे गाता गाता शास्त्राला रजा देणे मला मान्य नाही. नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून पाऊस ठरत नाही. काय बिघडले हे नक्षत्रांच्या भाषेत सांगता येईल. का बिघडले हे शास्त्राच्याच भाषेत सांगावे लागेल. पण त्या ‘का’मधून जी जबाबदारी येते, ती पुन्हा जुन्या शब्दांतच नीट कळते. ऋण हा शब्द आपल्या परंपरेनेच दिला आहे. पूर्वजांचे फेडायचे असते, आणि ते पुढच्यांच्या हाती काही नीट सोपवूनच फिटते. एकाने केलेले कर्म दुसऱ्याच्या लेकरांनी भोगावे, हे कोणत्या सनातन्याला न्याय्य वाटेल?

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ या दोन कादंबऱ्या त्या दोन कपाटांमधल्या भिंतीला हात लावून आल्या आहेत. एकीत शेती करपणारे शेतकरी कुटुंब आहे, दुसरीत धरणाखाली गेलेली गावे. साहित्य अकादमीने दोन्हींचा गौरव केला तो योग्यच. पण दोन्हींत माणूस सोसणारा आहे. ठरविणारा अजून यायचा आहे. तो आला, तर दाराशी हात जोडून उभ्या राहिलेल्या उमेदवाराला, मग तो आपल्याच पक्षाचा का असेना, बसायला पाट देईल, चहा देईल, आणि विचारील: माझ्या आजोबांच्या वेळचा मृग तुमच्या कारकिर्दीत परत येणार नाही, हे मला कळते, पण तो आणखी बिघडू नये म्हणून या गावात तुम्ही नेमके काय करणार आहात, आणि त्याचे पैसे कोण भरणार आहे?

उमेदवाराने काय उत्तर दिले, ते लिहायला मराठी कादंबरीने आता बसावे.