अ‍ॅटिकस फिंच : इन्साफ आणि मेहेरबानी

कादंबऱ्यांतल्या सचोटीच्या वकिलांची आठवण काढली की अ‍ॅटिकस फिंचचे नाव हमखास निघते. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीतला हा वकील आणि बाप. १९६१ साली कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांनी ही भूमिका केली.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातले मेकॉम हे काल्पनिक गाव. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या मुलीच्या बलात्काराचा आरोप येतो. न्यायाधीश त्याचे वकीलपत्र अ‍ॅटिकसकडे सोपवतात. त्याने नावापुरते उभे राहावे, एवढीच गावाची अपेक्षा. तो मात्र मनापासून लढतो. मुलीच्या चेहऱ्यावरची मार उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला. डावखुरा आहे तो मुलीचा बाप. तरीही गोऱ्यांची ज्यूरी टॉमला दोषी ठरवते आणि पुढे तुरुंगातून पळताना तो गोळ्यांनी मारला जातो.

अ‍ॅटिकस घरात एक आणि बाजारात एक असा नाही. हा खटला टाळला तर जेम आणि स्काउट या आपल्या मुलांना चार गोष्टी सांगण्याचा हक्क आपण गमावू, असे तो मानतो. मुलांना उपदेश करणे हाच ज्यांचा पेशा, त्या आम्हा शिक्षकांना ही गोष्ट फार लागते.

तरीही कोर्टातल्या एका प्रसंगापाशी आम्ही थांबतो. कृष्णवर्णीयांना बसायला वरचा सज्जा आहे. हरलेला अ‍ॅटिकस बाहेर पडतो, तेव्हा सारा सज्जा अदबीने उभा राहतो. वाचताना डोळे भरून येतात. पण टॉमच्या घरात लेखिका आपल्याला क्षणभरच नेते. सज्जातल्या माणसांना काय वाटले, हे त्यांच्या तोंडून कळतच नाही.

२०१५ साली आलेल्या 'गो सेट अ वॉचमन'ने ही शंका पक्की केली. हे लेखन खरे तर 'मॉकिंगबर्ड'च्या आधीचे. त्यातला बहात्तर वर्षांचा अ‍ॅटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या बैठकीत बसतो. अनेक वाचक दुखावले. काहींनी हा अ‍ॅटिकस वेगळाच मानला. आम्हाला दोघांत नाते दिसते. कोर्टात एका निरपराध माणसाला वाचवणे आणि त्याच्या मुलांना आपल्या मुलांच्या बाकावर बसू देणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिलीत अ‍ॅटिकस उतरला, दुसरीत नाही.

दुसऱ्याच्या वाट्याला मेहेरबानी द्यायला आपण सगळेच तयार असतो. त्याचा हक्क देताना हात आखडतो. सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध द्यावी लागली तरी द्या, अशी ताकीद आहे. अ‍ॅटिकसला नापास करण्याआधी आपणही तिथे उभे राहून पाहावे. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन ईदला तिला जोडा पाठवणारे भाऊ आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत. ते वाईट माणसे नसतात. आपापल्या मुलांच्या नजरेत तेही अ‍ॅटिकसच असतात.