जॉर्ज फर्नांडिस: विरोध हेच तत्त्व झालं तर?

जॉर्ज फर्नांडिस यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक ‘बंदसम्राट’ म्हणून आरती ओवाळणारा, दुसरा ‘पक्षबदलू’ म्हणून निकालात काढणारा. आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात.

१९४९ मध्ये मंगळूरहून मुंबईत आलेला हा तरुण टॅक्सीवाल्यांचा, महापालिका कामगारांचा पुढारी झाला. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवलं. पुढे १९७४ चा रेल्वे संप, आणीबाणीतला बडोदा डायनामाइट खटला, आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच जिंकलेलं मुजफ्फरपूर. बेड्या घातलेला हात उंचावलेलं ते छायाचित्र आमच्या पिढीनं मनात चौकट करून लावलं.

आता पक्षांतराचा आरोप. संयुक्त समाजवादी, जनता, जनता दल, समता, संयुक्त जनता दल अशी यादी लांबते खरी. पण समाजवादी पक्षच इतक्यांदा फुटले आणि जुळले, की माणूस जागेवर उभा राहिला तरी पायाखालचा पक्ष बदलायचा! तेव्हा नुसत्या पाट्या मोजून काही सिद्ध होत नाही. विचारायचं ते असं, की पाटी बदलताना आतलं काय बदललं आणि काय टिकलं?

जुलै १९७९ मध्ये लोकसभेत जॉर्जनी मोरारजींच्या सरकारचा जोरदार बचाव केला, आणि लगेच त्या सरकारातून बाहेर पडले. त्या फुटीमागे एक मोठा वाद होता तो जनसंघातून आलेल्यांच्या संघाशी असलेल्या नात्याचा, म्हणजे दुहेरी सदस्यत्वाचा. त्याच जॉर्जच्या समता पक्षानं १९९६ मध्ये भाजपशी युती केली. १९९८ मध्ये ते वाजपेयी सरकारात संरक्षणमंत्री झाले. एकेकाळी अण्वस्त्रांना विरोध करणारा हा नेता पोखरणच्या वेळी त्या पदावर होता. २००२ मध्ये गुजरातच्या प्रश्नावर त्यांनी लोकसभेत सरकारची बाजू लढवली.

मग टिकलं काय? काँग्रेसविरोध. तो मात्र अखेरपर्यंत टिकला. इथंच आमचा मुख्य मुद्दा आहे. लोहियांचा बिगरकाँग्रेसवाद हे साधन होतं; एका पक्षाची मक्तेदारी मोडून समतेला वाट करून द्यायची, हे साध्य. जॉर्जच्या बाबतीत साधनच साध्याच्या जागी जाऊन बसलं. नकाराची अडचण अशी, की कोणापासून दूर जायचं ते तो सांगतो, कोणाजवळ जायचं ते सांगत नाही. ती जागा रिकामी राहते, आणि परिस्थिती ती भरते.

कोणी म्हणेल, बिहारच्या राजकारणात त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कुठं होता? पर्याय अवघड होता, हे मान्य. पण मधू लिमयांनी निवडणुकीचं राजकारण सोडून लेखणी धरली, हाही पर्यायच होता ना? सत्तेबाहेर राहणं म्हणजे संपणं नव्हे.

जॉर्जची राहणी साधी होती, सियाचीनला ते पुन्हा पुन्हा जात, जवानांची विचारपूस करत. हे खरं आहे आणि सांगितलंच पाहिजे. पण साधेपणा हा माणसाचा गुण झाला. त्यानं राजकीय निर्णय आपोआप योग्य ठरत नाही.

शेवटी थोडं स्वतःकडे बघू. त्या छायाचित्राला टाळ्या वाजवताना, ‘हा माणूस कशासाठी लढतोय?’ हे आम्ही फारसं विचारलं नाही. कोणाविरुद्ध लढतोय, एवढं आम्हाला पुरलं. आजही एखादा नेता आवडतो तेव्हा आपण नेमकं हेच करतो का? ज्यानं त्यानं तपासून पाहावं.

थांबतो. आता प्रश्न घेऊ.