मूषकमूत्रातील प्रथिने आणि ‘ओळखपत्र’ सिद्धांत : एक चिकित्सा

घरउंदराची मूत्रप्रथिने प्रामुख्याने यकृतात तयार होतात. त्यांच्या पोकळीतील बाष्पनशील गंधद्रव्ये हळूहळू मुक्त होत असल्याने गंधखूण दीर्घकाळ टिकते. जेन हर्स्ट व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नराच्या स्वतःच्या गंधखुणेत परके मूत्रप्रथिन मिसळले, तेव्हा त्याने तेथे अधिक प्रतिखुणा केल्या. २०१० मध्ये ‘डार्सिन’ या प्रथिनाचे मादीला असणारे उपजत आकर्षणही दाखविले गेले.

हे पुरावे मोलाचे आहेत. परंतु त्यांवरून ‘मूत्रप्रथिने म्हणजे कृंतकांचे ओळखपत्र’ असे सरसकट विधान करणे उचित नाही. एकाच अंतःप्रजनित वाणातील नरांची ही प्रथिने जवळजवळ सारखीच असतात. म्हणून व्यक्तिभेदाची कसोटी वन्य उंदरांवरच लागते. तेथे मात्र मतभेद आहेत. २०१६ मधील एका अभ्यासात वन्य घरउंदरांच्या तपासलेल्या मूत्रप्रथिन-जनुकांत व्यक्तिगणिक भिन्नता आढळली नाही. शिवाय जेल-पद्धतीने ही प्रथिने नीट विलग होत नाहीत, असेही दिसून आले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने व्यक्तिवैशिष्ट्याचे समर्थन केले. सोनेरी हॅमस्टरमध्ये तर याच प्रथिनकुलातील ‘अफ्रोडिसिन’ मूत्रात नव्हे, योनिस्रावात असते.

तात्पर्य, अध्यापनात हा सिद्धांत मांडताना प्रजाती, वाण व मापनपद्धती यांचा उल्लेख अनिवार्य मानावा. अन्यथा एका प्रजातीविषयीचे वादग्रस्त गृहीतक विद्यार्थ्यांपुढे संपूर्ण गणाचा नियम म्हणून जाईल.