एमी वाइनहाउस : शोक करायचा तर आधी ऐकायला हवं



आज बोलायचं आहे ते एमी वाइनहाउसबद्दल. नाव घेतल्याबरोबर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल, याचा अंदाज आम्हाला आहे. कानापर्यंत ओढलेलं काजळ, डोक्यावर केसांचा तो भलामोठा डोलारा, आणि स्टेजवर अडखळणारी पावलं. गाणं आठवलं असेल, पण त्यानंतर. आमचंही तसंच व्हायचं. आजची तक्रार या क्रमाबद्दल आहे, आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे.

२३ जुलै २०११ रोजी लंडनच्या कॅम्डन भागातल्या राहत्या घरी एमी मृतावस्थेत सापडली. वय २७. चौकशीत निघालं ते असं : काही काळ दारू सोडल्यावर ती पुन्हा प्यायली होती. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. गाडी चालवण्यासाठीची तिथली मर्यादा ८० आहे. त्याच्या पाच आठवडे आधी, १८ जूनला, बेलग्रेडच्या कार्यक्रमात तिला धड गाता येईना, आणि लोकांनी तिची हुर्यो उडवली. त्या चित्रफिती जगभर फिरल्या. आम्हीही पाहिल्या. एकमेकांना पाठवल्या. हसलोसुद्धा.

मग ती गेल्याची बातमी आली, आणि जो तो म्हणू लागला, 'हे होणारच होतं.' हे वाक्य शहाणपणाचं वाटतं, पण ते फार सोयीचं आहे. मरण ठरलेलंच होतं म्हटलं, की बघणाऱ्यांवर कसलीच जबाबदारी राहत नाही.

तेव्हापासून तिच्याबद्दल दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, पोरगी वाया गेली, दोन अल्बमांत काय असतं? दुसरा म्हणतो, एवढं सोसलं म्हणूनच एवढं गायली. पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे. दुसरा जास्त घातक, कारण तो कौतुकाचा वेश घालून येतो. वेदनेशिवाय कला नाही, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कलावंत बुडायला लागला तरी आपण काठावर उभं राहून टाळ्या वाजवतो.

जरा तारखा बघू या. 'फ्रँक' हा पहिला अल्बम २००३ चा, 'बॅक टू ब्लॅक' हा दुसरा २००६ चा. व्यसनानं तिला खरं घेरलं ते त्यानंतरच्या वर्षांत. दारू आणि दुःख यांनीच गाणी दिली असती, तर २००७ ते २०११ या काळात गाण्यांचा पूर यायला हवा होता. प्रत्यक्षात तिसरा अल्बम तिच्या हयातीत आलाच नाही. व्यसनानं तिला गाणं दिलं नाही, तिच्याकडचं काढून घेतलं. आमचा आजचा मुद्दा खरं तर एवढाच आहे.

मग गाणं आलं कुठून? आलं ते ऐकण्यातून आणि मेहनतीतून. १९८३ साली उत्तर लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबात तिचा जन्म. घरात जॅझचं वेड होतं. आजी गाणारी, नात्यात व्यावसायिक जॅझ वादक. डायना वॉशिंग्टन, सेरा व्हॉन यांची गाणी तिच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली. किशोरवयात गिटार हातात आली आणि ती स्वतःची गाणी बांधू लागली. नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गायली. आपण ज्याला तालीम म्हणतो, ती हीच. ब्रिटनमध्ये गीतरचनेसाठी आयव्हर नॉव्हेलो हा मानाचा पुरस्कार आहे. तो तिच्या गाण्यांना तीनदा मिळाला, २००४, २००७ आणि २००८ मध्ये. हा पुरस्कार आवाजाला किंवा प्रसिद्धीला मिळत नाही, रचनेला मिळतो.

आता 'रिहॅब' घेऊ. व्यसनमुक्ती केंद्रात जायला नकार देणाऱ्या बाईचं गाणं, एवढीच त्याची ओळख झाली. तिचं पुढे जे झालं, ते माहीत असल्यामुळे आज ते ऐकताना पोटात गोळा येतो, हे खरं. पण त्या गाण्यात ती दोन नावं घेते : रे चार्ल्स आणि डॉनी हॅथवे. आपल्याला जे शिकायचं ते यांच्या गाण्यातून शिकता येईल, असा तिचा हट्ट आहे. उपचार नाकारणं चूकच होतं, त्याचं समर्थन आम्ही करणार नाही. पण हट्ट करतानाही गुरूंची नावं घेणारी ही मुलगी विद्यार्थिनी होती, हे कुणी फारसं बोललं नाही.

दुसरं गाणं, 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन'. ते आधी संथ चालीत होतं. निर्माता सलाम रेमीनं त्याची लय वाढवली, आणि त्याच्या खाली साठच्या दशकातल्या एका प्रसिद्ध मोटाउन गाण्याची साथ आली. त्या जुन्या गाण्याचे रचनाकार ॲशफर्ड आणि सिम्पसन यांना रीतसर श्रेय दिलेलं आहे. मूळ गाणं प्रेमाच्या आणाभाकांचं आणि उत्साहाचं. एमीचे शब्द मात्र प्रेम तुटल्यानंतरचे. खाली उत्सव चाललाय, आणि वर एक बाई स्वतःची समजूत काढतेय. कच्चा माल तिच्या आयुष्यातून आला, मान्य. पण हा विरोध जुळवायला दुःख पुरत नाही, त्याला कारागिरी लागते.

आणि गळा. ठेका पुढे निघून जातो, ती शब्द किंचित मागे ठेवते, आणि ओळ संपताना बरोबर जागेवर येते. ठुमरीतली बोलबनावाची गंमत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लय पक्की नसेल, तर असं मागे रेंगाळता येत नाही. माणूस पडतो.

एक आक्षेप मात्र रास्त आहे, तो टाळून पुढे जाणं बरं नाही. हे संगीत मुळात काळ्या अमेरिकनांचं. 'बॅक टू ब्लॅक'चा निम्माअधिक भाग मार्क रॉन्सननं केला, आणि त्यात वाजवणारा डॅप-किंग्ज हा ताफा शॅरन जोन्स या काळ्या गायिकेचा. तेव्हा त्यांची पन्नाशी झालेली, आणि वर्षानुवर्षं त्या हेच संगीत गात होत्या. २००८ मध्ये पाच ग्रॅमी मिळाली ती एमीला. हा बाजाराचा अन्याय आहे, तो नाकारू नये. पण त्यावरून एमी नकलाकार ठरत नाही. जुन्या सोल संगीताच्या साच्यात तिनं एकविसाव्या शतकातल्या लंडनची रोखठोक, थोडी शिवराळ, विनोदी बोली ओतली. साठच्या दशकातल्या मुलींच्या गटांच्या गाण्यांत नायिका बहुधा वाट बघत बसायची. एमीची नायिका स्वतःची चूकही सांगते. वारसा सांगायचा तर कर्जही सांगावं. तिनं स्वतः ते कधी लपवलं नाही.

२००८ मध्येच केंब्रिज विद्यापीठाच्या इंग्रजीच्या परीक्षेत तिचं 'लव्ह इज अ लूझिंग गेम' हे गाणं सर वॉल्टर रॅली यांच्या कवितेबरोबर तुलनेसाठी दिलं होतं. त्याच वर्षी वर्तमानपत्रं तिचे रस्त्यावरचे फोटो छापत होती. एका वर्षातल्या या दोन गोष्टींपैकी आमच्या लक्षात फोटो राहिले.

मार्च २०११ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत तिनं टोनी बेनेट यांच्यासोबत 'बॉडी अँड सोल' गायलं. त्याचं चित्रण आसिफ कपाडिया यांच्या 'एमी' या २०१५ च्या माहितीपटात आहे. ती घाबरलेली आहे, स्वतःवरच चिडते आहे, पुन्हा करू म्हणते आहे. ऐंशी उलटलेले बेनेट शांतपणे धीर देतात, डायना वॉशिंग्टनचा विषय काढतात, आणि तिचा चेहरा उजळतो. मरणाच्या चार महिने आधीची ही एमी आहे. तिला चिंता आहे ती सूर नीट लागतो की नाही, याची.

ती गेल्यावर तिच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखानं सांगितलं, की तिची अपुरी कच्ची मुद्रणं आपण नष्ट केली, म्हणजे पुढे कुणी त्यातून नवा अल्बम उभा करू नये. यावर मतभेद होऊ शकतात. आम्हाला विचाराल तर तिची आवरून ठेवण्याची गरज अखेर कुणाला तरी कळली, असं वाटतं. बेलग्रेडची चित्रफीत मात्र कुणी नष्ट केलेली नाही. ती बघायची की नाही, हे आपल्यावर आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एवढंच करा. 'बॅक टू ब्लॅक' लावा, पडदा बंद ठेवून. सगळा अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. हसलो त्याची भरपाई त्यानं होणार नाही. पण जिनं हे काम केलं, तिचा शोक तरी त्या कामापासून सुरू होईल.