काचेचा पाऊस

शब्दांना एक सोय असते. त्यांना गप्प बसता येते. ‘तो दूरच्या ग्रहावर उतरला’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो. चित्रकाराची तशी सुटका नाही. आकाश कोणत्या रंगाचे, सावली कोणत्या बाजूला, पाय कशावर टेकले, हे त्याला काढावेच लागते. आणि काढायचे म्हणजे आधी विचारावे लागते. दिवाळीचा मातीचा किल्ला करताना मुलांना गडाचा दरवाजा कुठे असावा हे जसे कळते, तसेच हे.

माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने सुट्टीत सोळा पानांची चित्रकथा केली आहे. हंस तारकासमूहाच्या शेजारी, सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर, २००५ साली सापडलेला ‘एच डी १८९७३३ बी’ हा तिचा ग्रह. छापील पुस्तकाचे करावे तसेच मी तिचे परीक्षण करतो आहे.

पहिल्याच पानावर अडचण! ग्रह गुरूसारखा वायूचा गोळा, जमीनच नाही. मग नायकाला उभे कुठे करायचे? खोडरबराच्या खुणा सांगतात की तिथे आधी खडक होता. आता नायक यानाला दोरीने लोंबकळतो, आणि चित्र कितीतरी जिवंत झाले आहे. तिथले वर्ष सव्वादोन दिवसांचे, इतका ग्रह ताऱ्याला बिलगून फिरतो. हिशेब केला तेव्हा तिथला सूर्य आपल्या सूर्याच्या सुमारे पंचवीसपट रुंद दिसेल असे निघाले. तो चौकटीत मावेना, म्हणून तिने चौकटच फोडली. २०२४ साली तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडला. त्या पानावर नायक नाक धरून बसला आहे. शिरस्त्राणाच्या आत कुजक्या अंड्यांचा वास कसा शिरला, हे तिचे तिलाच ठाऊक!

माझ्या मते उत्तम पान नववे. त्यात काहीच घडत नाही. ग्रह ताऱ्याशेजारी, ग्रह ताऱ्याआड, ग्रह पुन्हा बाहेर. बस्स, तीन चौकटी. ग्रह आड गेला की प्रकाशातला निळा भाग किंचित घटतो. तेवढ्यावरून २०१३ साली, हबल दुर्बिणीच्या मोजमापांतून, तो निळा ठरला. इथे भाचीने निळा रंग वापरलेलाच नाही. नुसते ठिपके कमीजास्त केले आहेत.

बाराव्या पानावर मात्र माझे भांडण आहे. तिथे काचेचा पाऊस आहे. ताशी ७,००० किलोमीटरांहून वेगवान वाऱ्यात तो आडवा धावतो, हे तिने बरोबर ओळखले. पण ढगांत सिलिकेटच्या कणांच्या खुणा मिळाल्या तरी पाऊस हे अजून अनुमानच आहे. १९५० साली ‘ईगल’ साप्ताहिकात फ्रँक हॅम्पसनने ‘डॅन डेअर’साठी यानांच्या प्रतिकृती केल्या, माणसे उभी करून छायाचित्रे घेतली, याने अस्सल उतरली, पण ढगांआडच्या शुक्रावर त्याने तितक्याच ठाम रेषेने रान आणि राज्ये काढली. १९६२ साली मरीनर-२ शुक्राजवळून गेले आणि तो भट्टीसारखा तापलेला निघाला.

म्हणून अनुमानाच्या चौकटीला तुटक रेघ दे, असे मी सुचवले.

“मामा, तुटक रेघेत पाऊस थांबल्यासारखा दिसतो,” ती म्हणाली.

दिसतो खरा. तरी बाराव्या पानाचे गुण मी कापले आहेत.