संगणकविषयक ग्रंथांचे आयुर्मान

सार्वजनिक ग्रंथालयातील संगणकविषयक ग्रंथांच्या निवडीची चर्चा बहुधा खरेदीपाशीच थांबते. वस्तुतः ग्रंथ किती काळ ठेवावयाचा, हा प्रश्न निवडीतच अंतर्भूत आहे. अमेरिकेत टेक्सास येथे १९७६ मध्ये सिद्ध झालेल्या ‘क्रू’ या निर्लेखनपद्धतीच्या पुढील आवृत्तीत अशा ग्रंथांसाठी तीन वर्षांची मर्यादा सुचविली आहे. ग्रंथ वाचकांकडून किती नेला जातो, हा निकष तेथे लावलेलाच नाही.

या नियमामागील भीती खोटी नव्हे. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तीवरील पुस्तकातले पडद्यावर एक ओळ उमटविण्याचे साधे उदाहरणही तिसऱ्या आवृत्तीत चालत नाही, आणि नवशिका वाचक दोष पुस्तकास न देता स्वतःस देतो.

परंतु वय मोजावयाचे ते ग्रंथाचे की त्यात वर्णिलेल्या वस्तूचे? कर्निघन व रिची यांच्या सी भाषेवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९८८ ची. ती आजही अभ्यासिली जाते. डोनाल्ड कनूथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा उदाहरणांसाठी ‘मिक्स’ हे काल्पनिक यंत्र योजिले. बाजारातील यंत्रे मोडीत निघाली, ग्रंथ टिकला. (पुढे तेही यंत्र जुने ठरून त्यांना ‘एममिक्स’ रचावे लागले, हा भाग निराळा. तालुक्याच्या ग्रंथालयाने हा खंड घ्यावाच, असेही नव्हे.)

मराठी संग्रहाच्या बाबतीत हा नियम अधिकच अडचणीचा होतो. इंग्रजीत बाद ग्रंथाच्या जागी नवा येतो. मराठीत बहुधा येत नाही. म्हणून जुने तेच ठेवावे काय? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; तरी विशिष्ट फाँटपुरतेच टंकलेखन शिकविणारी पुस्तके फळीवर आढळतात. त्या रीतीने टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. नोकरीच्या आशेने शिकणाऱ्याच्या हाती असे पुस्तक देण्यापेक्षा रिकामी फळी बरी. उलट, द्विमान पद्धती किंवा शोधाच्या रीती नीट उलगडणारे वीस वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक पाने सुटेपर्यंत ठेवावे.

याकरिता ग्रंथ कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीस बांधलेला आहे, याची नोंद दाखलनोंदवहीत खरेदीच्या दिवशीच व्हावयास हवी. वेगळा रकाना नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात ती सहज मावेल.